भीड सोडल्यानंतर : केडगाव, १८९७

आईला शेवटच्या आजारात बाजरीच्या भाकरीचा तुकडा हवा होता. घरात काही नव्हते. सोळा वर्षांची मुलगी शेजारणीच्या दारात जाऊन उभी राहिली, पण तिला तोंड उघडता येईना. डोळ्यांना धार लागली, शब्द मात्र फुटेना. शेजारणीला काय ते कळले. तिने भाकरी आणून दिली. मुलगी ती घेऊन परतली तेव्हा आईची खाण्याची ताकद संपली होती.

हे १८७४ सालचे दक्षिणेतले. वडील अनंतशास्त्री डोंगरे तिच्या आधीच गेले होते. देवळांमधून पुराणे सांगून मिळेल त्यावर जगणारे हे विद्वान कुटुंब होते. दुष्काळात ऐकणारे संपले आणि दक्षिणाही संपली. पुढे त्या मुलीनेच लिहिले आहे की अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढावे लागले. भीक मागायची लाज होती आणि अंगमेहनत करायची सवय नव्हती. आईची तिरडी उचलायला मोजकी माणसे मिळाली, म्हणून चौथी बाजू तिने धरली. उंची कमी असल्यामुळे खांद्याऐवजी ती डोक्यावर घ्यावी लागली.

ही मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. पण या अभ्यासाचा विषय त्यांचे चरित्र नाही. ते पुष्कळांनी लिहिले आहे, आणि बहुतेक वेळा एक तर आरती ओवाळत किंवा दात-ओठ खात. मला त्यांच्या आयुष्यातले काही महिनेच हवे आहेत : १८९६ची अखेर ते १८९७चा उन्हाळा. कारण एक जुना प्रश्न. आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणी वारले की श्रद्धांजलीच्या भाषणात एक वाक्य हमखास येते : "ते अतिशय मनमिळाऊ स्वभावाचे होते, त्यांनी कधी कुणाला दुखावले नाही." पाळकही हेच म्हणतात, पुतणेही हेच म्हणतात. मनमिळाऊ असणे वाईट नाही. दुःखाच्या घरी डबा घेऊन येणारी अशीच माणसे असतात, आणि तो डबा मीही खाल्ला आहे. पण ख्रिस्ताच्या मागे जाणे म्हणजे एवढेच असेल, तर तेवढे माझ्या शेजारच्या जोशीकाकांनाही जमते, आणि आमच्यातल्या कित्येकांपेक्षा बरे जमते. मग क्रूस कशासाठी?

रमाबाईंना कुणी मनमिळाऊ म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

हातात काय होते

१८९७ च्या आरंभी रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. नवरा बिपिनबिहारी १८८२ मध्ये पटकीने गेला होता. मुलगी मनोरमा पंधरा वर्षांची होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ सुरू केलेले शारदा सदन १८९० पासून पुण्यात होते. उच्चवर्णीय विधवांनी तिथे राहून शिकावे हा त्याचा हेतू. सदनाचा खर्च बोस्टनमधली रमाबाई असोसिएशन भागवत असे. तो करार दहा वर्षांचा होता, म्हणजे १८९८ मध्ये संपणारा. करारात धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन होते. मुली आपले आचार पाळत आणि स्वयंपाकघरही त्यांच्या रिवाजाप्रमाणे चाले.

हे वचन रमाबाईंनी कसे पाळले यावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठा गदारोळ झाला. त्या पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. मी कुणाला बोलावत नाही आणि कुणाला हाकलणारही नाही, अशी त्यांची भूमिका होती. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार मंडळातले हितचिंतक राजीनामा देऊन बाजूला झाले. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. वर्तमानपत्रांनी, विशेषतः 'केसरी'ने, झोड उठवली. शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी त्याच वर्षी लग्न केलेल्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी स्वतंत्र आश्रम काढला, त्यामागे हा तुटलेला विश्वासही होता.

दार लोटून घेतले असते तर? कडीही लावायला नको होती, नुसते लोटले असते तरी रानडे राहिले असते. हा प्रश्न मी अभ्यासवर्गात दोनदा विचारला आहे. दोन्ही वेळा बहुतेकांचे मत पडले की लोटायला हवे होते. मला तेव्हा तसे वाटत नव्हते. आता थोडे वाटते. कारण तटस्थतेचे वचन हे वचनच होते, आणि उघड्या दाराने काय होते हे रमाबाईंसारख्या हुशार बाईला कळत नव्हते असे मानणे अवघड आहे. पुढे त्यांनी धर्मतटस्थ शारदा सदन आणि उघडपणे ख्रिस्ती असलेले मुक्ती सदन अशा दोन वेगळ्या संस्था, वेगळ्या पैशांवर, ठेवल्या. म्हणजे त्यांनाही त्यातून काही उमगले असावे.

आणखी एक गोष्ट हातात होती. पुण्याहून दौंडकडे जाताना, पुण्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर केडगाव स्टेशन लागते. तिथे सुमारे शंभर एकर जमीन त्यांनी घेतली होती. बोस्टनचा पैसा थांबला तर फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे असा बेत होता. विहीर खणायची, झाडे लावायची, आणि मग वाट पाहायची. फळबाग म्हणजे पाच-सात वर्षांचा हिशेब. दुष्काळाला तेवढा दम नसतो.

श्रद्धेच्या बाजूने काय होते, तेही बघायला हवे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. पण नंतर त्यांनी स्वच्छ लिहिले की त्या वेळी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो आणखी आठेक वर्षांनी सापडला. आपल्या मंडळीत असे कबूल करायला कुणी उभे राहिले तर आधी खोकला ऐकू येईल. बाप्तिस्म्याच्या आधी त्यांना या धर्माकडे ओढणारी एक गोष्ट लंडनच्या फुलहॅम भागात घडली. वाँटेजच्या भगिनी, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती जोगिणी, 'पतित' म्हटल्या जाणाऱ्या बायकांसाठी तिथे एक घर चालवीत. तेवढ्या मायेने या बायकांशी कुणी वागताना रमाबाईंनी आपल्याकडे पाहिले नव्हते. हे कशासाठी, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला, विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा, म्हणजे यहूदी ज्यांना हलके मानून दूर ठेवत त्या लोकांतल्या बाईचा. रमाबाईंना पटला तो असा ख्रिस्त, जिच्याशी बोलणे शोभत नाही तिच्याशी भर दुपारी बोलत बसणारा. शोभत नाही हा शब्द इथे लक्षात ठेवण्यासारखा.

झाडांखालचे अनाथगृह

१८९६चा पाऊस गेला आणि मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या पुण्यात येऊ लागल्या. रमाबाईंनी लगेच पदर खोचला असे झाले नाही. आपण गरीब, आपली संस्था लहान, आपण काय करणार, असे म्हणत त्यांनी आधी तो विषय मनातून बाजूला सारला. स्वतःच्या लेखनात त्यांनी ही टाळाटाळ झाकलेली नाही. दुष्काळाच्या आठवणी त्यांच्या अंगात होत्या आणि त्या पुन्हा जाग्या होऊ द्यायच्या नव्हत्या. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण कानाडोळा हा दुष्ट माणसांचा नसतो. तो चांगल्या, कामात बुडालेल्या माणसांचाच असतो. "आमचं आधीच एक काम चालू आहे" हे वाक्य मी स्वतः किती वेळा वापरले आहे त्याची मोजदाद नाही.

शेवटी त्या गेल्या. सरकारी दुष्काळ-नियमांप्रमाणे धडधाकट माणसांसाठी खडी फोडण्याची कामे होती आणि ज्यांना काम झेपत नाही त्यांच्यासाठी अनाथगृहे. त्यांनी पाहिलेले पहिले अनाथगृह म्हणजे घर नव्हतेच. गावाबाहेरची झाडी होती. तिच्याखाली माणसे ढिगांनी पडलेली, काही राखेत, काही नुसत्या घाणेरड्या जमिनीवर. मिळणाऱ्या धान्यात माती. वर देखरेखीला मुकादम आणि शिपाई. तरुण मुलींना दोन वेळच्या अन्नासाठी काय द्यावे लागत होते, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. त्या काळच्या सभ्य स्त्रीने जे विषय उच्चारायचे नसत त्यांपैकी हा पहिला. शिवाय मुली गोळा करणारी इतर माणसेही फिरत होती, बाजारासाठी.

इथे निर्णयाचा क्षण येतो, आणि प्रकरण अभ्यास म्हणून तो उलगडून बघण्यासारखा आहे. रमाबाईंपुढे वाटा किती होत्या? पुण्यात वर्गणी गोळा करून पाठवता आली असती. तसे केले असते तर सगळ्यांनी वाहवा केली असती, 'केसरी'नेही कदाचित. त्या भागातल्या मिशनरी संस्थांच्या हाती काम सोपवता आले असते. शारदा सदनात मावतील तेवढ्या दहा-वीस मुली, त्याही उच्चवर्णीय विधवा निवडून, आणता आल्या असत्या. म्हणजे करारही शाबूत आणि मनही शांत. तिसरी वाट मला सगळ्यांत धोकादायक वाटते, कारण ती खरोखर चांगली आहे. दहा मुली वाचल्या असत्या आणि पुढची तीस वर्षे त्या दहांचा फोटो वार्षिक अहवालात छापता आला असता.

त्यांनी मोजणे सोडले. जात पाहणेही सोडले. तोवर ज्या संस्थेत स्वयंपाकाचे नियम सांभाळले जात होते, तिच्या दारात आता कुठल्याही जातीची, रोगट, जखमांनी भरलेली मुलगी येऊ लागली. थोड्याच महिन्यांत हा आकडा तीनशेवर गेला.

आकड्यावरून आठवले. १८९६ मध्ये लोणावळ्याच्या ख्रिस्ती शिबिरात त्या पंधरा मुली घेऊन गेल्या होत्या आणि तिथे त्यांनी प्रार्थना केली होती की या पंधराचा वर्ग व्हावा. वर्ग म्हणजे गणितातला, पंधरा गुणिले पंधरा, २२५. प्रार्थनेत गणित घालणारी बाई मला आवडते. पण ज्यांनी ही गोष्ट पुढे प्रवचनांत सांगितली त्यांनी ती नेहमी उत्तर मिळालेल्या प्रार्थनेची गोष्ट म्हणून सांगितली. २२५ मुलींना रोज किती ज्वारी लागते, हा प्रवचनात न येणारा भाग रमाबाईंच्या वाट्याला आला.

पुण्यात जागा नाही

मुली पुण्यात पोहोचल्या त्याच सुमारास प्लेग पोहोचला. मुंबईत तो १८९६ च्या सप्टेंबरात सुरू झाला होता. १८९७ च्या फेब्रुवारीत वॉल्टर चार्ल्स रँड प्लेग अधिकारी म्हणून पुण्यात आला. घरझडत्या सुरू झाल्या, विलगीकरणाच्या छावण्या उभ्या राहिल्या. शहरात एका वाड्यात अशक्त मुलींची एवढी गर्दी करायला परवानगी मिळणार नव्हती. शारदा सदनात नव्या मुली ठेवू नयेत असा हुकूम निघाला.

उरले केडगाव. तिथे घर नव्हते. लहान झाडे, विहीर, आणि पुण्याच्या पूर्वेचा तो उन्हाळा. ज्यांनी दौंडकडचा एप्रिल पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको. तंबू ठोकले, गवताची छपरे घातली. मुलींची देखरेख सुंदराबाई पवारांनी पाहिली. रमाबाईंबरोबरचे हे नाव पुस्तकांत एखाद्या ओळीत येऊन जाते, पण दुष्काळाने अर्धमेल्या झालेल्या, रात्री धान्य चोरून उशाखाली लपवणाऱ्या वयाच्या मुलींबरोबर छपराखाली राहणे काय असते, ते राहणाऱ्यालाच ठाऊक. काही मुली वाचल्या नाहीत.

पैसा नव्हता. बोस्टनचा पैसा शारदा सदनासाठी होता आणि तो इकडे वळवणे म्हणजे लबाडी झाली असती. मग त्यांनी मागायला सुरुवात केली : देवाजवळ प्रार्थनेत आणि माणसांजवळ पत्रांतून, अहवालांतून, काय पाहिले ते जसेच्या तसे लिहून. ठरावीक वर्गणीदार नाहीत, ठेव नाही, अशा पायावर हे घर उभे राहिले. सप्टेंबर १८९८ मध्ये त्याचे रीतसर समर्पण झाले आणि नाव मुक्ती ठरले. १८९९-१९०० च्या गुजरात-राजपुताना दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली.

आपल्याकडे म्हण आहे, भीड भिकेची बहीण. १८७४ मध्ये शेजारणीच्या दारात जी जीभ टाळ्याला चिकटली होती, ती १८९७ मध्ये सुटली होती. मला हा सगळा प्रकार त्या एका जिभेचा वाटतो. भीड म्हणजे सभ्यपणा, भीड म्हणजे आपल्याबद्दल कुणी वाईट बोलू नये ही इच्छा, आणि मनमिळाऊपणाचा मोठा भाग या भिडेचाच असतो. विहिरीवरची ती शोमरोनी बाईसुद्धा आधी म्हणाली होती, तुम्ही यहूदी असून माझ्याजवळ पाणी कसे मागता? पाणी मागितले होते येशूने.

सरकारला पत्र

हे सगळे चालू असताना मे १८९७ मध्ये रमाबाईंनी मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहिले. विषय होता पुण्यातल्या प्लेग इस्पितळात आणि छावण्यांत बायकांना मिळणारी वागणूक. त्यांच्या संस्थेतली एक तरुण मुलगी तिथे नेली गेली होती आणि ती सुखरूप परत आली नव्हती. तिचे काय झाले हे रमाबाईंनी छापून आणले.

त्यांची परिस्थिती बघा. ज्या सरकारच्या हुकुमाने मुली शहराबाहेर काढल्या गेल्या, त्याच सरकारच्या परवानगीवर पुढचे सारे अवलंबून. मिशनरी मित्र बहुतेक गोरे. हिंदू पुणे आधीच विरोधात. एवढ्या वेळी गप्प बसणे कुणीही समजून घेतले असते. किंबहुना गप्प बसणे हेच शहाणपणाचे, मुलींच्या हिताचे, असा युक्तिवाद मी स्वतः पाच मिनिटांत तयार करू शकतो, बायबलमधल्या वचनांसकट.

पत्राचे पडसाद इंग्लंडपर्यंत गेले. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा तिकडे होते. पुण्यातल्या अत्याचारांबद्दल त्यांनी तिथे जे जाहीर आरोप केले, त्यांना रमाबाईंच्या पत्राचाही आधार होता. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने पत्रातला मजकूर चुकीचा आणि दिशाभूल करणारा ठरवला. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या आणि पुण्याची हवा पार बदलली. टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. परतल्यावर गोखल्यांना आरोप सिद्ध करता आले नाहीत आणि त्यांनी माफी मागितली. रमाबाईंनी आपले म्हणणे मागे घेतले नाही.

तीच बाई, जिला पुण्याने 'सरकारच्या धर्माची' म्हणून वाळीत टाकले होते.

ख्रिस्ती वडीलधाऱ्यांशीही त्यांचे असेच होते. १८८५ मध्ये वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचला की घाम फुटतो. एका पुरोहितवर्गाचे जू नुकतेच मानेवरून काढले आहे, आता दुसऱ्याचे घेणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला पुरुषांना शिकवायला बिशपांनी हरकत घेतली, तिथेही त्या भांडल्या. क्रुसावरची अक्षरे लॅटिनच का, संस्कृत का नकोत, हेही विचारून झाले. त्या शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या आणि पांढरे सुती लुगडे नेसून जमिनीवर बसत राहिल्या. भगिनी जेराल्डीन यांना यात गर्व दिसला. थोडा असेलही.

जे नीट बसत नाही

इथवर गोष्ट आमच्या बाजूची आहे. पण एवढ्यावर थांबलो तर हा अभ्यास नव्हे, स्तुतिस्तोत्र होईल.

१८९७ च्या अखेरीस केडगावच्या मुलींचे भीमा नदीत मोठ्या संख्येने बाप्तिस्मे झाले. बैलगाड्यांतून मुली नदीवर गेल्या. वर्षाच्या सुरुवातीला ज्या झाडांखाली पडल्या होत्या, त्या वर्षाच्या शेवटी ख्रिस्ती झाल्या होत्या. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तिथे काही लपवाछपवी नव्हती, ही रमाबाईंची बाजू. तटस्थतेचे वचन इथे कुणाला दिले नव्हते. या मुलींना परत मागायला येणारे फार थोडे होते. हे सगळे खरे.

तरीही. जिने वाचवले तिच्याच छपराखाली, तिच्याच भाकरीवर वाढणारी बारा वर्षांची मुलगी 'नाही' म्हणू शकते का? भूक जीभ कशी बांधते हे रमाबाईंइतके कुणाला ठाऊक होते? स्वतःसाठी त्यांनी बिशपांसमोरही 'नाही' म्हणण्याचा हक्क राखला. तो हक्क त्या मुलींच्या हाती किती होता, हा प्रश्न मी ख्रिस्ती असल्यामुळे सोडून देऊ शकत नाही. उलट ख्रिस्ती असल्यामुळेच मला तो अधिक टोचतो. वर्गात एका गृहस्थांनी यावर उत्तर दिले की दुसरा पर्याय मरणाचा होता. बरोबर आहे. पण मरण आणि बाप्तिस्मा या दोनच गोष्टी तिथे होत्या असे नाही. मधे भाकरी होती, आणि भाकरी अट न घालताही देता येते. अट घातली होती असे मी म्हणत नाही. न घातलेली अटही मुलांना ऐकू येते, एवढेच म्हणतो.

दुसरी गोष्ट, केडगाव महाराष्ट्रापासून तुटले. मुक्तीत सुतारकाम, विणकाम, तेलघाणा, छापखाना, शेती, दूधदुभते असे सगळे बायका करीत. आंधळ्या मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवले. फुलहॅममध्ये पाहिलेल्या घरासारखे कृपा सदन उभे राहिले. त्या काळच्या भारतात हे अचाट होते. पण बाकीच्या मराठी समाजाने या गावाकडे कित्येक दशके पाहिले नाही, आणि केडगावनेही आपली भिंत उंच ठेवली. १९०५ मध्ये तिथे मोठे धार्मिक उत्थान झाले, मुली रात्र-रात्र मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, तेव्हा काही मिशनरीही बिचकले. दोष कुणाचा याची वाटणी मला जमत नाही. भीड सोडलेल्या माणसाला कधी कधी माणसेही सुटतात.

शेवटच्या वर्षांत त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, थेट हिब्रू आणि ग्रीकवरून. त्यासाठी त्या भाषा त्या शिकल्या. कमी शिकलेल्या बाईलाही कळावे म्हणून सोपे शब्द, आणि हिंदू देवधर्माची छटा असलेले शब्द शक्यतो गाळलेले. छपाईचे खिळे जुळवण्याचे काम मुक्तीतल्या बायकांनीच केले. त्यातून जी मराठी तयार झाली ती धड बोलीही नाही आणि धड ग्रंथीही नाही, असे माझे मत आहे. आमच्या उपासनेत ते भाषांतर वाचले जात नाही. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. पुस्तक १९२४ मध्ये निघाले.

अभ्यासवर्गात मी हे प्रकरण मांडले तेव्हा चर्चा अपेक्षेप्रमाणे बाप्तिस्म्यांवर अडकली आणि बराच वेळ तिथेच राहिली. मग मागच्या रांगेतल्या एका आजींनी विचारले, "त्या शेजारणीचं काय?" मला आधी कळेना. "भाकरी दिली ती," त्या म्हणाल्या. "पोरीला तोंड उघडावं लागलं नाही. हिनं ओळखलं."

मी परत पुस्तक काढून पाहिले. ती बाई ख्रिस्ती असण्याचा संभव जवळजवळ नाही. दुष्काळ तिच्याही गावात होता, म्हणजे तिच्या घरात भाकऱ्यांची रास असणार नाही. दारात रडत उभ्या असलेल्या परक्या मुलीकडे तिने पाहिले आणि आत जाऊन भाकरी आणली. कुणाशी भांडली नाही, कुणाला पत्र लिहिले नाही. मी ज्या मनमिळाऊपणाला इतका वेळ नावे ठेवत होतो तो बहुधा असाच दिसत असेल.

आजींना मी सांगितले की रमाबाईंनी तिचे नाव लिहिलेले नाही. "नसंल ठाऊक," त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलून बस गाठायला निघाल्या.